बोट लावू नये

तौसीफ उंड्रेच्या दुकानात तो नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा पहिला प्रश्न त्याच्या बायकोनंच विचारला.

"डबा कुठाय?"

"डबा नाही. सगळं पडद्याच्या पाठीतच आहे. ऑल-इन-वन म्हणतात याला."

"म्हणजे टीव्ही," मुबीना म्हणाली.

तौसीफनं वाशीच्या शोरूममधून मशीन घेऊन आलेल्या विश्वजीतकडे घाईघाईनं पाहिलं. विश्वजीतचं कामच मुळी असल्या बायकांना गप्प करण्याचं होतं. त्यानं घसा साफ केला आणि एका दमात सगळे गुण सांगितले. अठ्ठावीस इंची पडदा, रंग जसेच्या तसे, चित्रकारांसाठी खास पेन, आणि हलकेच दाबला की पडदा असा आडवा होतो, ड्रॉइंगच्या फळीसारखा. शिवाय टच. "आणि मॅडम, हा एका वेळी दहा बोटं ओळखतो."

"दहा बोटांनी काय करायचंय? पीठ मळायचंय?"

विश्वजीतनं स्वतःची दहाही बोटं खिशात घातली.

पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत तौसीफचं 'नूर ग्राफिक्स' नऊ वर्षं चाललं होतं. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे बॅनर, जे येईल ते. पण तौसीफनं चित्रकलेचा डिप्लोमा केला होता आणि आपण मुळात कलावंत आहोत, हे तो अजून विसरला नव्हता. जुन्या पडद्यावर हळदी दिसणारा रंग छापून मोहरीसारखा यायचा, तेव्हा तो दिवसभर हळहळायचा. त्याला मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची होती. करंजा बंदरातल्या होड्या, वाळत घातलेली मासळी, हे सगळं पेनानं पडद्यावर रंगवायचं होतं. हे मशीन मिळालं तर ते जमेल, नाहीतर आयुष्यभर आपण लोकांच्या डोक्यांवर फेटे चिकटवत बसणार, असं त्याला मनापासून वाटत होतं.

मुबीनाला हे कळत होतं. पण तेवढ्या किमतीत घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकता आला असता, हेही तिला कळत होतं. मशीन आठवडाभर वापरून बघायला मिळालं होतं. तिनं एका वहीत रेघ मारून दोन रकाने केले, फायदे आणि तोटे, आणि एकच अट घातली.

"शनिवार संध्याकाळपर्यंत एक जरी गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं, तर हा टीव्ही परत."

"मंजूर," तौसीफ म्हणाला. आपली गिऱ्हाइकं पडद्याशी कशी वागतात, हे तो आनंदाच्या भरात साफ विसरला होता.

पनवेलात, आणि बहुधा सगळीकडेच, बॅनर करून घ्यायला आलेला माणूस डिझाइन करणाऱ्याच्या शेजारी स्टूल ओढून बसतो. तो नुसता बसत नाही. तो पडद्यावर बोट ठेवतो. "हे जरा इकडे घ्या" म्हणताना बोट टेकवून ते 'इकडे' कुठे, ते सरकवून दाखवतो. जुन्या पडद्यावर त्यानं फक्त डाग पडायचे. हा नवा पडदा मात्र हुकमाचा ताबेदार निघाला.

सोमवारी नीता वहिनी मुलाच्या लग्नाची पत्रिका बघायला आल्या. "या मामांचं नाव जरा ठळक करा हो," म्हणत त्यांनी मामांवर बोट ठेवलं आणि काढता काढता मामा मुलीकडच्या मंडळींत जाऊन बसले. ते तौसीफला वेळेवर दिसलं म्हणून बरं, नाहीतर लग्नात मामांना जेवायला कुठल्या पंगतीत बसवायचं यावरून गहजब झाला असता.

मंगळवारी त्यानं पडद्याच्या कडेला चिठ्ठी लावली, 'बोट लावू नये'. पहिल्याच गिऱ्हाइकानं त्या चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?" बोट घसरलं आणि त्याच्या हॉटेलच्या पाटीवरची मिसळ पानाबाहेर गेली.

"टच बंद करून टाका ना," मुबीना म्हणाली.

"बंद करायचा तर मग घेतला कशाला?" तौसीफ म्हणाला. यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तिनं तोट्यांच्या रकान्यात लिहिलं.

शेवटी तिनंच विणकामाची एक सुई आणून दिली. प्लॅस्टिकच्या सुईला पडदा दाद देत नव्हता. मग गिऱ्हाईक आलं की तौसीफ अदबीनं त्याच्या हाती सुई द्यायचा.

बुधवारी नेरे गावचे काशिराम घरत आले. त्यांचे वडील दाजी रविवारी पंचाहत्तर वर्षांचे होणार होते आणि नेऱ्याच्या नाक्यावर वीस फुटी बॅनर लागायचा होता. काशिरामनी सुईकडे पाहिलं.

"ही कशाला? मी काय शालेतला मास्तर हाय?" आणि बोट सरळ पडद्यावर. "मधी आमचा बाबा. फेट्यातला. मोठा घ्या. हितं मी. आनि बाळूचा फोटू पार तिकडं. आमच्या दोघांत हातभर जागा पायजे."

गुरुवारी धाकटे बाळू घरत आले. "मधी बाबा. हितं मी. आनि त्याला तिकडं सरकवा. अजून तिकडं. त्याचा खांदा माज्या खांद्याला लागायचा नाय."

दोघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच आवारात दोन चुली होत्या आणि दोन्ही घरांतला निरोप दाजी पोचवायचे. कारण साऱ्या नेऱ्याला ठाऊक होतं. काशिरामच्या वेणूच्या लग्नाच्या पत्रिकेत सख्ख्या चुलत्याचं, बाळूचं, नावच नव्हतं. काशिराम म्हणाले, छापणाऱ्याची चूक. बाळू म्हणाला, असं सगळेच म्हणतात.

एका माणसाला मात्र पक्कं माहीत होतं की चूक खरंच छापणाऱ्याची होती. तो छापणारा म्हणजे तौसीफ. दुकानाचा पहिला महिना होता. कापताना कटर बोटभर वर सरकला आणि खालची शेवटची ओळ, 'श्री. बाळू दाजी घरत', तीनशे पत्रिकांवरून एकदम कापली गेली. त्याच्या ध्यानात आलं तेव्हा पत्रिका गावभर वाटून झाल्या होत्या. त्याला कोणी विचारलं नाही आणि तो बोलला नाही. पुढे दोन्ही भाऊ त्याचीच गिऱ्हाइकं झाली आणि नेऱ्याला गेलं की दोन्ही घरी त्याला चहा मिळायचा. तो चहा नऊ वर्षं त्याच्या घशाखाली नीट उतरला नव्हता.

म्हणूनच या बॅनरवर त्यानं जीव ओतला. मधे दाजी, भिंतीसारखे उंच. डावीकडे काशिराम, उजवीकडे बाळू, दोघांचे फोटो पट्टीनं मोजून सारखे. फेट्याचा केशरी रंग तर असा उतरला की तौसीफ स्वतःच बघत राहिला.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला निघताना त्यानं मुबीनाला बजावलं, "सगळं तयार आहे. दीड वाजता फक्त हे बटण दाबायचं, की फाइल थेट छापायला जाईल. दुसऱ्या कशालाही हात लावू नकोस."

परत आला तेव्हा ती खुशीत होती. "फाइल गेली. आणि त्याआधी दाजी आले होते, स्वतःचा बॅनर बघायला. बाजाराला आले होते म्हणे. त्यांना खुर्चीत बसवलं, चहा दिला. मी नीता वहिनींशी पत्रिकेबद्दल बोलत होते, तोवर शहाण्या मुलासारखे गप्प बसून बघत होते. खूश झाले हो! जाताना डोक्यावर हात ठेवून गेले."

तौसीफनं वही ओढून फायद्यांत लिहिलं, 'म्हाताऱ्या माणसांनाही लांबून दिसतो.'

शनिवारी सकाळी काशिरामचा फोन आला. "ताबडतोब नेऱ्याला या." एवढंच बोलून त्यांनी तो ठेवला.

"मी पण येते," मुबीना म्हणाली आणि वही पर्समध्ये टाकून स्कूटरवर मागे बसली.

नाक्याच्या अलीकडूनच बॅनर दिसला. तौसीफचा हात ब्रेकवर आपोआप दाबला गेला. वीस फुटांच्या मधोमध काशिराम आणि बाळू, दोघेही राक्षसाएवढे, गालाला गाल लावून हसत होते. खांद्याला खांदा तर होताच, पण काशिरामचा कान बाळूच्या मिशीत गेला होता. आणि ज्यांची पंचाहत्तरी, ते दाजी खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे.

"या अल्ला," तौसीफ म्हणाला.

बॅनरच्या एका खांबापाशी काशिराम उभे होते, दुसऱ्या खांबापाशी बाळू. मधे अर्धं गाव. दाजी पिंपळाच्या पारावर काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"तौसीफभाई," काशिराम गरजले, "त्याचं तोंड माज्या तोंडाला लावायला तुमाला कोनी सांगितलं?"

"त्याला सांगा," बाळू ओरडला, "मला त्याच्या तोंडाचा वास पन नको! ह्यानंच तुमाला फितवलं असनार. नऊ वर्सांपूर्वी माजं नाव कापलं, आता बापाला कोपऱ्यात बसवला!"

आता बॅनरची चूक मशीनवर ढकलता आली असती. टचचा दोष, बोट लागलं असेल, सगळं खरंच वाटलं असतं. तौसीफनं तोंडही उघडलं. पण 'माझं नाव कापलं' हे शब्द त्यानं नऊ वर्षं कानाआड केले होते, ते आज भर नाक्यावर समोर आले. तो कोपऱ्यातल्या एवढ्याशा दाजींकडे बघत राहिला आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"काशिरामशेठनी नाही कापलं. मी कापलं. पत्रिकेचं. कटर सरकला होता. त्यांनी दिलेल्या कागदावर तुमचं नाव होतं, बाळूशेठ. मी घाबरलो म्हणून बोललो नाही. माफ करा."

पुढचं नीट ऐकू यावं म्हणून चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मग काशिराम हळूहळू वळले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा थेट धाकट्याकडे बघून बोलले.

"आयकलंस? काय सांगत होतो मी?"

"आयकलं ना! म्हंजे चोर ह्यो, आनि तू ह्याला दर दिवालीला करंज्या देत व्हतास?"

"तू पन चहा पाजत व्हतास!"

"मला काय म्हाईत? तू इचारलं का नाय ह्याला तवा?"

"तू इचारायचंस! तुजं नाव व्हतं!"

आणि मग दोघे एकदम तौसीफवर घसरले. काय ती एकजूट! एकाला शिवी आठवेना तर दुसरा पुरवत होता. एकानं हात धरला, दुसऱ्यानं हिशेब मांडला की ह्याच्यामुळे किती गणपती, किती होळ्या वेगळ्या झाल्या. बोलता बोलता काशिरामचा आवाज फाटला आणि बाळू डोळ्यांवरून बाही फिरवू लागला. तौसीफ मान खाली घालून सगळं ऐकत होता. त्याला लाज वाटत होती आणि छाती मात्र कित्येक वर्षांनी हलकी झाली होती.

भाऊ दमले तेव्हा दाजींनी काठीनं खूण करून तौसीफला पाराजवळ बोलावलं.

"दाजी, तुमचा फोटो... कसा झाला हे, मला खरंच कळत नाही."

म्हाताऱ्यानं उजव्या हाताची तर्जनी त्याच्या नाकासमोर धरली. "काल तुजी बायको बोलत बसली व्हती. म्यां आपलं काशिरामच्या फोटूवर बोट ठेवलं, त सरकला की लेकाचा! बाळूवर ठेवलं, त तो पन सरकला. कोपऱ्याला धरून ओढलं, मोठा झाला." ते डोळे मिचकावून हसले. "घरात नऊ वर्सं ढकलतोय दोघांना, जागचे हलत नाय. तुज्या मशीनीत एका बोटात शेजारी आले. मंग मला मधी जागा उरली नाय, म्हून मी कोपऱ्यात गेलो. मला काय, कुठं पन चालतंय."

मुबीनानं मागे उभ्या उभ्या पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि मग पर्समधून वही काढली.

संध्याकाळी सहा वाजता विश्वजीत दुकानात आला, उत्तर घ्यायला. आत शिरायला जागा नव्हती. रविवारसाठी बॅनर दुरुस्त करायला दोन्ही भाऊ एकाच बाकड्यावर बसले होते आणि भांडत होते.

"बाबा मधी पायजे!"

"पायजेच! पन मग तू जरा खाली हो."

"मी का खाली? थोरला कोन?"

"तुजा कान काढ माज्या मिशीतून आधी!"

दोघांची बोटं पडद्यावर होती. दाजींचा फेटा वर जात होता, खाली येत होता, आणि मशीन एकूण एक बोटाचं ऐकत होतं. विणकामाची सुई तौसीफनं ड्रॉवरमध्ये ठेवून दिली होती.

"सर, मग काय ठरलं?" विश्वजीतनं दारातूनच विचारलं.

तौसीफनं मुबीनाकडे पाहिलं. तिनं वही उघडली. "नाराज गिऱ्हाइकं, दोन," ती गंभीरपणे म्हणाली. "नाक्यावर पन्नास माणसांदेखत."

तौसीफचा चेहरा उतरला. करंजाच्या होड्या किनारा सोडून लांब लांब जाताना त्याला दिसल्या. त्यानं पडद्याची कडा हातानं एकदा पुसली आणि मशीनची वायर काढायला तो वाकला.

"अहो, थांबा. अट काय होती? नाराज होऊन गेलं तर." तिनं पेन्सिलीनं बाकड्याकडे दाखवलं. "हे दोघं दुपारी तीनपासून इथंच बसलेत. गेलेत कुठे?"

मग तिनं फायद्यांच्या रकान्यात एक ओळ लिहिली, 'दहा बोटं ओळखतो', वही मिटली आणि विश्वजीतला बाकड्यावर सरकून बसायला सांगितलं, कारण चहा तिसऱ्यांदा येत होता.