घडीतला झेंडा

विसूतात्या भेटकार्ड नुसतं देत नसत. ते उघडलं जाईपर्यंत समोर ठाण मांडून बसत. "हळू, हळू! स्वराज्य फाटेल की!" असं ते ओरडले की सोलापूरच्या भवानी पेठेतल्या कुठल्याही सुवासिनीच्या हातून वाण सुटे.

कार्ड उघडलं की घडीतून कागदी झेंडा ताठ उभा राही आणि त्यावरचा चरखा गरकन फिरे. चरख्याला सूत मात्र गिरणीचं. हातसूत तुटतं, हे तात्याच हळू आवाजात सांगत.

तात्या आमचे शेजारी, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. पुठ्ठा, पतंगाचा कागद आणि मोरचूद घातलेली मैद्याची खळ एवढ्या सामग्रीवर साम्राज्य हादरवायचा त्यांचा बेत होता. झेंडा संक्रांतीला सुगडातून निघे, बारशाला पाळण्यातून. सत्यनारायणाच्या आमंत्रणात तो केळीच्या खांबावर फडकला, तेव्हा माझी आई म्हणाली, "तात्या, देवाला तरी वगळा."

"देव आपल्याच बाजूचा आहे, वहिनी. फक्त उघड बोलत नाही."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणजे दोन भाषांत गप्प बसणारी. म्हणून कागदाचं दुसरं टोक धरायला त्यांना मीच लागे.

पोस्टावर त्यांचा विश्वास नव्हता. "शिक्का मारणारा माझ्या चरख्याचा पापड करतो!" सगळी कार्डं ते हातोहात पोचवत. फक्त बार्शीच्या लेकीला, कमळाताईंना, कार्ड जात नसे. जावई तिथल्या मामलेदार कचेरीत कारकून. तात्यांच्या खिडकीतल्या झेंड्यापायी पोलीस त्यांचं नाव टिपून गेले, तेव्हापासून जावयांनी सासऱ्यांना दार बंद केलं होतं. दोन वर्षं बापलेकीची भेट नव्हती.

त्या संक्रांतीला मी मामांकडे बार्शीला निघाले. मला गाडीत बसवायला आलेल्या तात्यांनी एक कार्ड हाती ठेवलं. "कमळीला दे. मी नसेन, तूच बैस समोर."

सरकारी नोकराच्या घरात झेंडा नेण्याचं शौर्य आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. तरी गेले.

कमळाताईंनी कार्डाची कड उचलली, तोच जावई कचेरीतून परतले. "काय आहे ते?" म्हणत त्यांनी कार्ड ओढून घेतलं. मी डोळे मिटले.

कोणी ओरडेना, म्हणून उघडले. झेंडा नव्हताच. घडीतून एक झोपाळा उभा राहिला होता. त्यावर परकरातली मुलगी, आणि मागे चष्मेवाला माणूस, झोका द्यायला हात पुढे केलेला.

जावयांनी कार्ड मिटलं, उघडलं. झोपाळा हलला. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं.

"हे झुलतं कसं?" त्यांनी चक्क मला विचारलं.

"तात्या आले तर दाखवतील." परक्या पुरुषाशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

ते कार्ड घेऊन आत गेले. मी निघताना कमळाताई तिळगुळाची पुडी बांधत होत्या, तेव्हा मात्र आतून आवाज आला, "थोडा जास्त बांध. आणि तात्यांना सांग म्हणावं, रविवारी कचेरी बंद असते."

सोलापुरात परतल्यावर तात्यांना हे सगळं सांगितलं. मग उठून त्यांनी खुंटीवरची खादीची टोपी काढली, झटकली आणि परत टांगली.

"बेबी, ट्रंकेच्या तळाशी जरा बघ गं," ते म्हणाले, "माझी नोकरीतली काळी टोपी असेल."