गांगुर्डे काकांचं पास झालेलं गाणं

गांगुर्डे काकांसमोर "हे माझं सगळ्यात आवडतं गाणं" असं कधी म्हणू नये. मी एकदा म्हणालो. लिफ्टमधून खाली येताना मी काहीतरी गुणगुणत होतो. तिसऱ्या मजल्यावर काका आत आले, दार लागलं आणि त्यांनी विचारलं, "काय सेक्रेटरी, आवडतं गाणं वाटतं?"

"सगळ्यात आवडतं," मी म्हणालो.

"सगळ्यात म्हणजे किती ऐकून?"

मी आकड्यांचा माणूस आहे. सोसायटीचं सचिवपद माझ्याकडे आलं तेही त्यामुळेच. तरी लिफ्ट तळमजल्यावर येईपर्यंत मला आकडा काही सांगता आला नाही. बाहेर पडताना काका म्हणाले, "मग सगळ्यात म्हणू नका, बरं आहे म्हणा. आणि ते बरंही नाही. दुसऱ्या कडव्यात ढिलं पडतं. रिवर्क."

हा शब्द त्यांनी ओझरहून आणला. तिथल्या विमान कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. हातात येणाऱ्या प्रत्येक भागाला तीनपैकी एक शेरा मारायचा: पास, रिवर्क किंवा रिजेक्ट. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण शेरे काही सुटले नाहीत. विमानाचे भाग मिळेनात, म्हणून त्यांनी गाणी तपासायला घेतली.

"अहो काका, गाणं पडून कोणी मरत नाही," माझी बायको त्यांना एकदा म्हणाली.

"मरत नाही ना, म्हणूनच कोणी तपासत नाही," काका म्हणाले.

लग्नाला गेले की काका आधी जेवणाकडे जात नाहीत, आधी ऑर्केस्ट्राकडे जातात. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर चमकता कोट घातलेला एक गायक जीव तोडून गात होता. काकांनी गाणं संपेपर्यंत हाताची घडी घालून ऐकलं, मग स्टेजजवळ जाऊन त्याला निकाल दिला: "सूर पास. शब्द रिवर्क. कोट रिजेक्ट." मुलीचे वडील माझ्या ओळखीचे होते. त्यानंतर बरेच दिवस त्यांनी मला ओळख दाखवली नाही.

एकदा कुठल्याशा रेडिओवरून त्यांना फोन आला. निवेदिका लाडात विचारत होती, "काका, तुमचं ऑल टाइम फेव्हरिट गाणं कोणतं?"

"ऑल टाइम संपला का?" काकांनी विचारलं.

"अं? नाही..."

"मग संपल्यावर फोन करा." आणि त्यांनी फोन ठेवला.

अशा माणसाची गाठ आमच्या दिवाळी पहाटेशी पडणार होतीच. पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या सोसायटीत दिवाळीत एके दिवशी भल्या सकाळी पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढतात, सतरंज्या घालतात, आणि सगळे स्वेटर-शाली गुंडाळून गाणी ऐकायला बसतात. नियम एकच आहे. प्रत्येक घराने आपलं सर्वांत आवडतं एक गाणं ठरवायचं आणि ते घरातल्याच माणसाने गायचं. हा नियम देवरे मॅडमचा. मॅडम शास्त्रीय संगीत शिकलेल्या आहेत आणि शाळेत तेच शिकवून निवृत्त झाल्या. नियम ऐकायला गोड वाटतो, पण एका घरात एका गाण्यावर एकमत होणं किती अवघड असतं ते सचिवाला विचारा. एकाच फ्लॅटमधून नवऱ्याचं एक आणि बायकोचं एक अशी दोन गाणी माझ्याकडे आली आहेत, आणि दोघांनीही वेगवेगळं येऊन मला सांगितलं आहे की दुसरं ग्राह्य धरू नका.

काकांकडून मात्र दर वर्षी एकच उत्तर यायचं: "विचाराधीन."

काकू तेव्हा बोलत्या होत्या. नुसत्या बोलत्या कसल्या, काकांनी एका शब्दाचा शेरा मारला की काकू त्यावर दहा वाक्यं बोलायच्या. त्यांचं माहेर सटाण्याकडचं. आवाज खणखणीत, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय असलेला. पार्किंगमध्ये बायकांच्या घोळक्यात बसून त्या मला म्हणायच्या, "सेक्रेटरी, ह्यांना म्हणावं गाणी तपासता, मलाबी एकदा तपासा!"

"तुला तपासूनच आणली," काका म्हणायचे.

"कधी तपासली? पाहायला आले तेव्हा मान वर नव्हती केली तुम्ही! माझ्या भावानं विचारलं, मुलगा मुका हाय का!"

सगळा घोळका हसायचा. काका तोंड वाकडं करायचे, पण तिथून हलायचे नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. काठीच्या आधाराने चालणं परत आलं, बोलणं आलं नाही. त्यांना कळतं सगळं. शब्द तोंडाशी येतो आणि तिथेच अडकतो. सुरुवातीला बायका भेटायला जायच्या, पण त्यांनाही काय बोलावं ते सुचेना. हळूहळू जाणं कमी झालं. काकांनी त्या काळात एकाही गाण्याला शेरा मारला नाही. लिफ्टमध्ये मी मुद्दाम गुणगुणून पाहिलं. ते दाराकडे बघत राहिले.

आणि या दिवाळीला, मी विचारायच्या आधी, काका स्वतः माझ्या दारात आले. "लिहून घ्या. गाणं ठरलं."

मला खरंच आनंद झाला. "पास झालं?"

"पास. चांदणी छाप सरकी पेंड."

"काय?"

"गाण्याचं नाव आहे. लिहा."

मीटिंगमध्ये मी ते नाव वाचलं तेव्हा आधी सगळे हसले. मग देवरे मॅडमनी चष्मा काढला. "गांगुर्डे काका, ही गुरांच्या खाद्याची जाहिरात आहे. लहानपणी आमच्या गावातही जीपवर भोंगा लावून वाजवायचे. दिवाळी पहाटेला आपण हे गायचं?"

"चाल आहे का तिला?" काकांनी विचारलं.

"चाल असणारच, पण..."

"ताल आहे? शब्द आहेत? बाई-पुरुषाचं द्वंद्वगीत आहे. गाण्याच्या शेवटी काही विकायचं नाही, असं तुमच्या नियमात कुठं आहे ते दाखवा."

"ही थट्टा आहे आमची!" मॅडमचा आवाज चढला. "इतकी वर्षं आमच्या चांगल्या चांगल्या गाण्यांना नावं ठेवलीत..."

"नावं नाही ठेवली, दोष दाखवले. तुम्ही ह्याचे दाखवा."

"दुसरं कडवं भिकार आहे!"

"आहे," काका म्हणाले. "मान्य. तरी पास. हेच गाणार, नाहीतर आमच्या घराचं नाव काढून टाका." आणि ते उठून गेले.

मॅडमचा राग मला पटत होता. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. ज्या माणसाने आयुष्यात ढिलं कडवं सोडलं नाही, त्याने दोष मान्य करून एक गाणं पास केलं होतं. आकड्यात असं काही दिसलं की मी मुळाशी गेल्याशिवाय राहत नाही. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

काकू गॅलरीतल्या खुर्चीत होत्या. मला बघून त्यांनी डावा हात उचलला, ओठ हलवले, आणि काही न येता हात खाली ठेवला.

"काका, दुसरं एखादं द्या ना," मी म्हणालो. "एखादा अभंग द्या. हेच का?"

काका काकूंकडे वळले आणि फाटक्या, बेसूर आवाजात म्हणाले,

"काय घातलंस गं गाईला, कारभारणी?"

आणि उन्हाळ्यापासून एक धड शब्द न उमटलेल्या त्या तोंडातून, न अडखळता, पूर्ण ओळ आली:

"चांदणी छाप सरकी पेंड, हो धनी!"

माझ्या हातातली पेढ्यांची पुडी खाली पडली. काकांनी ती उचलून टेबलावर ठेवली.

"डॉक्टर म्हणाले, बोलणं आणि गाणं डोक्यात वेगवेगळ्या जागी असतं. बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं राहतं. म्हटलं बघू. आरत्या म्हणून पाहिल्या, ओव्या म्हणून पाहिल्या. मी ज्यांना निदान रिवर्कपर्यंत आणलं होतं ती सगळी गाणी म्हणून पाहिली. काही नाही. मग एक दिवस वैतागून हे तोंडात आलं. लग्न झालं तेव्हा सटाण्याच्या बाजारातून निघालेली ती भोंग्याची जीप आमच्या गावच्या घरावरून जायची. आम्ही दोघं गोठ्यात हेच म्हणून एकमेकांना चिडवायचो. आलं उत्तर."

"अहो, मग हे मीटिंगमध्ये सांगा की! एका मिनिटात मंजूर होईल."

"खबरदार!" काका असे ओरडले की काकूही दचकल्या. "कोणाला एक शब्द सांगायचा नाही. कीव करून पास केलेला माल मी कधी पुढं जाऊ दिला नाही. गाणं म्हणून घ्या, नाहीतर नका घेऊ. चार लोकांत बसून बोलणारी बाई आहे ही. तिला चार लोकांत बोलायचंय, बास. टाळ्या नकोत आणि डोळे पुसणंही नको."

मी शब्द दिला. पुढच्या मीटिंगमध्ये नियम वाचून दाखवला आणि सरळ सांगितलं की जाहिरात गायला बंदी नाही, बंदी हवी तर पुढच्या वर्षी करा. थोडी खडाजंगी झाली. गाणं एका मताच्या फरकाने मंजूर झालं. देवरे मॅडमनी विरोधात हात वर केला होता, आणि तो बराच वेळ वरच ठेवला.

दिवाळी पहाटेला मॅडम स्वतः आधी गायल्या आणि फार सुंदर गायल्या. मग काही घरांची गाणी झाली. मग मी माइकवर गांगुर्ड्यांचं नाव घेतलं. काका कडक इस्त्रीचा सदरा घालून आले होते. काकू हिरव्या साडीत, काठी धरून, शेजारच्या खुर्चीत. की-बोर्डवाल्याकडे अर्थातच हे गाणं नव्हतं. "बंद ठेवा ते," काका त्याला म्हणाले, आणि सुरू झाले:

"काय घातलंस गं गाईला, कारभारणी?"

आणि थांबले. काकूंनी समोर बसलेल्या माणसांकडे पाहिलं. इतकी माणसं त्यांनी बऱ्याच महिन्यांत एकदम पाहिली नव्हती. ओठ हलले. आवाज नाही.

काकांनी पुन्हा विचारलं, "काय घातलंस गं गाईला, कारभारणी?" मागे कोणीतरी खुदकन हसलं. कोणीतरी म्हणालं, "अहो, पुढं चला की काका." काकांची मान लाल झाली होती, पण ते हलले नाहीत. तिसऱ्यांदा तीच ओळ, आणखी मोठ्याने. मी माइकच्या बाजूला उभा होतो आणि दिलेला शब्द दाताखाली धरला होता.

तेवढ्यात देवरे मॅडम उठल्या. गाण्याला विरोध केला तो वेगळा, पण द्वंद्वगीत अर्ध्यावर लोंबकळत ठेवणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. सूर लावून त्या गायल्या, "चांदणी छाप सरकी पेंड, हो धनीऽऽ" आणि "धनी"वर एक लांब, मुरकत जाणारी, झकास तान घेतली.

काकूंनी मान वळवून मॅडमकडे पाहिलं. आपल्या परातीतलं पीठ दुसरीनेच मळायला घ्यावं, तसं.

काकांनी घाईने दुसरा प्रश्न टाकला: "दूध किती गं काढलंस, कारभारणी?"

मॅडमनी "घागर भरून" म्हणून पुन्हा आवाज वळवायला घेतला, आणि काकूंनी काठी जमिनीवर आपटली. मग सपाट, खणखणीत, या बांधावरून त्या बांधावर जाणाऱ्या आवाजात त्यांनी मॅडमवर कुरघोडी केली:

"घागर भरून सांडलं, हो धनी!"

मॅडम मध्येच थांबल्या. काकूंनी डावा हात हलवून मॅडमना बसायची खूण केली, आणि मॅडम, ज्यांनी उभ्या आयुष्यात फक्त दुसऱ्यांना बसवलं, त्या मुकाट खाली बसल्या. काकांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं, कारण पहिलं उत्तर भलत्याच बाईने दिलं होतं. या वेळी सगळी उत्तरं जिची होती तिनेच दिली. शेवटच्या "घरोघरी चांदणी"ला पोरंटोरंही ओरडायला लागली. लोक पोट धरून हसत होते. कीव कोणाच्याच तोंडावर नव्हती. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काकू, तान जरा जास्तच झाली माझी," आणि काकूंनी जोरात मान हलवून ते मान्य केलं.

मग फराळाची पळापळ सुरू झाली. चहाचा ट्रे घेऊन मी फिरत होतो. खुर्च्यांच्या कडेला ते दोघंच बसले होते.

"चहा घेतेस?" काकांनी विचारलं.

काकूंनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा उघडलं. डाव्या हाताने त्यांनी पदर घट्ट धरला.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मी त्यांना दिसलो, पण माझं तिथं असणं त्यांना चालत असावं. खुर्ची जवळ सरकवून, त्याच चालीवर, एकदम हळू आवाजात ते म्हणाले, "चहा घेणार का गं, कारभारणी?"

"चांदणी छाप सरकी पेंड, हो धनी," काकू म्हणाल्या.

काकांनी लक्ष देऊन ऐकलं आणि मान डोलावली.

"अर्धा कप द्या," ते मला म्हणाले. "आणि साखर नको म्हणते."