डॉक्टरांचं पुढचं पत्र

आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनने एका सकाळी मला गेटवर थांबवलं. म्हणाला, "मॅडम, वो भोईर सर के डाक्टर साहब की तबियत अब कैसी है?"

मी म्हटलं, "बुखार उतर गया. लेकिन घोडा मर गया."

त्याला मनापासून वाईट वाटलं. डॉक्टर कोण, कुठल्या दवाखान्यात बसतात, आजच्या काळात घोडा कशाला ठेवतात, हे त्याने विचारलं नाही. भोईर सरांचे डॉक्टर म्हणजे बिल्डिंगचेच डॉक्टर, एवढं त्याला पुरेसं होतं.

हे डॉक्टर दोनशे वर्षांपूर्वीचे. स्कॉटलंडचे. जहाजावरचा डॉक्टर म्हणून पूर्वेकडे आले आणि माणसांच्या नाड्या बघण्यापेक्षा झाडांची पानं बघण्यात रमले. डोंगर-जंगलं हिंडायची, झाडं गोळा करायची, कागदात दाबून सुकवायची, पेट्या भरून मायदेशी पाठवायच्या, आणि घरी बहिणीला पत्रं लिहायची, हा त्यांचा उद्योग. त्यांची खबर आमच्याकडे ताजी ताजी असायची, कारण भोईर सर प्रत्येक पत्र ज्या तारखेला लिहिलं त्याच तारखेला वाचायचे. आधी नाही आणि नंतरही नाही.

सर मूळचे जवळच्या अंजूर गावचे. भिवंडीत आमच्याच शाळेत त्यांनी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मी तिथे इंग्रजी शिकवते. ते पहिल्या मजल्यावर राहतात, आम्ही दुसऱ्या. "क्रमाने घ्या" हा त्यांचा शब्द. मुलांनी बेडकाचं हृदय आधी विचारलं तर म्हणायचे, "आधी कातडी. क्रमाने घ्या." शाळेत असताना हे एवढ्यावरच होतं. निवृत्तीनंतर वाढलं. गणपतीला पाच दिवस अंजूरला गेले की आल्यावर साठलेले पेपर पहिल्यापासून वाचायचे. एकदा अशाच दिवसांत निवडणुकीचा निकाल लागला होता. खाली रस्त्यावर गुलाल पडलेला, आणि सर मला जिन्यात म्हणाले, "कोण येईल काही सांगता येत नाही." लग्नाच्या पंगतीत भाताच्या आधी जिलबी आली, तर ती ताटाच्या कडेला सरकवून भाताची वाट बघत बसायचे. भात येईपर्यंत वाढपी ताट उचलायला यायचा.

डॉक्टर त्यांच्या आयुष्यात आले ते एका विद्यार्थिनीमुळे. ती परदेशात वनस्पतींचा अभ्यास करते. तिकडच्या एका संग्रहात तिला या डॉक्टरांनी सुकवलेली एक फांदी दिसली. खाली चिठ्ठीवर लिहिलेलं : भिवंडी, खाडीकाठ, चिखल फार. तिने फोटो काढून सरांना पाठवला. सर ती जागा शोधत खाडीवर जाऊन आले. आता तिथे गोदाम आहे. "पण चिखल हाय," असं समाधानाने सांगत होते. मग त्याच मुलीने कळवलं की डॉक्टरांची सगळी पत्रं एका वाचनालयाने इंटरनेटवर ठेवली आहेत.

ते इंग्रजी जुनं. वाक्यं मालगाडीसारखी. म्हणून सर माझ्याकडे आले. रोज सकाळी मी फक्त त्या तारखेचं पत्र आहे का ते बघायची. महिन्यातून दोन-तीनदा असायचं, मग सर संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून वर यायचे. मी लॅपटॉप उघडला की खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसायचे, कारण पत्र शोधताना पुढचं काही नजरेस पडलं तर? मी "हं" म्हटलं की वळायचे. मी वाचून मराठीत सांगायची आणि सर डॉक्टरांना झापायचे.

"ऐन पावसात ब्रह्मदेशच्या जंगलात? याला अक्कल न्हाय."

"सर, झाड पावसातच फुलतं, असं लिहिलंय."

"मग ठीक आहे," सर म्हणायचे. "पण छत्री?"

एकदा सात आठवडे पत्रच नव्हतं. सरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. जिन्यात भेटले की बोटावर दिवस मोजून दाखवायचे. मी म्हटलं, "पुढचं पत्र आहे की नाही तेवढं बघू का?" तर चार पावलं मागे सरकले. "नको. आपल्याला अजून माहीत नाही."

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी डॉक्टर जावा बेटावर होते. पत्रांचा सूर बदलला होता. आता पुरे, येतो घरी, असं बहिणीला लिहीत होते. दक्षिणेकडची खोली रिकामी कर, तिथे ऊन येतं, झाडांचे कागद ठेवायला बरं. भिंतीला फळ्या मारून घे. सरांना आनंद झाला. घरी पोचले की बिल्डिंगमध्ये पेढे वाटायचे, हे त्यांनी सेक्रेटरींनाही सांगून टाकलं.

त्याच आठवड्यात शाळेत मला एक तास मोकळा मिळाला. स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. मी फोनवर ती पत्रं उघडली आणि पुढे गेले. डॉक्टरांची आणखी तीनच पत्रं होती. चौथं पत्र जहाजाच्या कप्तानाचं होतं, बहिणीला. कळवण्यास दुःख होतं, अशी सुरुवात. ताप पाच दिवस होता. खाली सामानाची यादी : झाडांच्या दोन पेट्या, एक कोट, एक भिंग, बुटांचे दोन जोड.

मी फोन बंद केला आणि दहावीच्या वर्गावर गेले. काय शिकवलं ते आठवत नाही.

पुढच्या पत्राला सर आले तेव्हा मी नेहमीपेक्षा छान वाचलं, असं मला वाटलं. फळ्या सागाच्या असाव्यात, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. सर म्हणाले, "सागाच्याच पाहिजेत. वाळवी न्हाय लागत." मी म्हटलं, "हो ना, सागाच्याच." ते म्हणाले, "पोचायला किती दिवस लागतील?" मी म्हटलं, "लागतील पाचेक महिने. पेढ्यांचं मात्र हलवायाला आधी सांगून ठेवा हं."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुढचं वाचलंत."

"नाही सर."

"वाचलंत. हा चेहरा मी आठ महिने दाढी करताना बघितलाय. मला ओळखू येतो."

सरांनी लॅपटॉपचं झाकण हळू खाली केलं.

सरांच्या पत्नी मंदाताई चार वर्षांपूर्वी गेल्या. अचानक गेल्या, असं आम्ही सगळे समजत होतो. तसं नव्हतं, हे सरांनी त्या संध्याकाळी सांगितलं. त्यांचा रिपोर्ट सरांनी एकट्याने आणला होता. पाकीट कल्याणला रिक्षा स्टँडवरच फोडलं. जीवशास्त्राच्या माणसाला त्यातला शब्द न् शब्द कळला. मंदाताईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, असं कल्याणचे डॉक्टर म्हणाले होते. सरांनी नाही सांगितलं.

"ती म्हणायची, औंदा अंजूरच्या घराचे पत्रे बदलू. मी म्हणायचो, बदलू. ती म्हणायची, निळे घेऊ. मी म्हणायचो, निळेच घेऊ. आणि मनात म्हणायचो, कसले पत्रे न् कसलं काय." सर खिडकीबाहेर बघत होते. मागच्या गल्लीतल्या पॉवरलूमचा आवाज चालू होता. "आठ महिने होते आमच्याकडं. ती ते आठही महिने जगली. मी एक दिवस न्हाय जगलो. तिच्याशी बोलताना सुद्धा मी पुढं जाऊन बसलेलो असायचो."

मग म्हणाले, "तिच्या मोठ्या बहिणीलाही न्हाय सांगितलं. हिराबाय, अंबाडीला असते. ती आली ती थेट शेवटच्या दिवशी. मंदा तेव्हा ओळखत नव्हती कोणाला. तेव्हापासून हिराबाय माझ्याशी बोलत न्हाय. बरोबर हाय तिचं."

मी म्हटलं, "सर, पुढचं सांगू का मग?"

"नको. तारखेला सांगा."

म्हणून उरलेली पत्रंही आम्ही तारखेलाच वाचली. सर खुर्ची फिरवून बसत होते, वळत होते, डॉक्टरांना झापत होते. शेवटच्या पत्रात डॉक्टरांनी एका रानकेळीचं दीड पान वर्णन केलं होतं. सरांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि वहीत लिहून घेतलं. मला नवल वाटलं. त्यांना आता माहीतच होतं, तरी त्या दीड पानात ते पूर्ण बुडाले होते.

कप्तानाच्या पत्राच्या दिवशी मी सावकाश वाचलं. ताप, पाच दिवस, समुद्रात दिलेला निरोप, सामानाची यादी. सरांनी सगळं ऐकलं. चष्मा काढून पुसला.

"हे पत्र बहिणीला कधी मिळालं असेल?"

"त्या काळी पाच-सहा महिने लागत."

"म्हणजे तोवर ती खोली लावत बसली असणार." सरांनी चष्मा परत घातला. "आणि कळल्यावर ओरडणार कोणावर? कप्तान समुद्रात. भाऊ पण समुद्रात."

मग उठले. दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "मी तर इथंच हाय. अंबाडी काय, तासाभराचा रस्ता."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सर सकाळीच इस्त्रीचे कपडे घालून वाड्याकडे जाणाऱ्या एसटीने अंबाडीला गेले. जेवणाची वेळ टळली, चार वाजले, तरी पत्ता नाही. मी दोनदा खाली जाऊन त्यांच्या दाराचं कुलूप बघून आले. साडेपाचला ते गेटमधून आत आले. हातात पिशवी होती, तिच्यातून काकड्या डोकावत होत्या. मी जिन्यातच गाठलं.

"काय झालं, सर?"

"हिराबायला सगळं सांगितलं. रिक्षा स्टँडपासून."

"मग?"

"मग ओरडली. दीड तास ओरडली. शेजारची माणसं जमा झाली. मी उभाच होतो. मग रडली. मग म्हणाली, जेवून जा."

"जेवलात?"

"जेवलो. वालाचं बिरडं होतं." सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय. अजून पुष्कळ ओरडायचं राहिलंय, म्हणाली."

आणि पिशवीतल्या दोन काकड्या माझ्या हातात देऊन ते कुलूप उघडायला लागले.