सासूबाईंसाठी सोयीचं घर

धडपडणाऱ्या माणसासाठी घर कसं तयार करायचं, ते मला विचारा! आमची खुशी चालायला लागली तेव्हा मी घरातल्या कोपऱ्या-कोपऱ्याला फोम चिकटवला होता. पोरीला साधं टेंगूळ आलं नाही.

त्यामुळे नंदनवनच्या घरात एकट्या राहणाऱ्या माझ्या सासूबाई पडल्या आणि माझा नवरा रजत म्हणाला, की आता पुन्हा पडली तर तिला सरळ आपल्याकडे प्रताप नगरला आणायचं, तेव्हा मी ओढणी खोचली. आईंना ते घर सोडायचं नव्हतं. काचबिंदूनं नजर जवळपास गेलेली, तरी स्वयंपाक त्याच करायच्या. मी त्यांना शब्द दिला, की घरच असं करते, तुम्ही पडणारच नाही.

त्या आठवडाभर नणंदेकडे गेल्या आणि मी सुटले. पाय अडकतो म्हणून आतले उंबरठे काढले. टेबलाला, ओट्याला फोम. भिंतींना स्टीलच्या दांड्या, इतक्या की घर सिटी बससारखं दिसायला लागलं. वाकायला नको म्हणून देव कोपऱ्यातून उंच फळीवर नेले आणि त्या रिकाम्या कोपऱ्यात कूलर ठेवला.

आई आल्या. स्वयंपाकघराकडे निघाल्या आणि न्हाणीत पोचल्या. अंधारात चप्पल शोधावी तसा पायाचा अंगठा उंबरठा शोधत होता. मग टेबलाचा मऊ कोपरा चाचपून म्हणाल्या, "हे कोनाचं लेकरू बसलं वं इथं?"

मी हसले. त्या डोळ्यांनी नाही, पायांनी आणि बोटांनी चालतात, हे तेव्हाच कळायला हवं होतं. मी म्हटलं, होईल सवय.

त्या रात्री खुशी आणि मी तिथंच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुशीला भरवत होते. आईंनी आंघोळ केली, नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन कूलरला मनोभावे नमस्कार केला आणि पेटती उदबत्ती त्याच्या गवतात खोचली. कूलर अजून सुरूच केला नव्हता, गवत कोरडं ठणठणीत. भडकाच उडाला! माझी किंकाळी ऐकून शेजारचे रुपरावकाका बादली घेऊन धावले. त्यांनी कूलर विझवला, भिंत विझवली, खुशीलाही विझवलं. अडवायला उंबरठा नव्हता, पाणी थेट आतल्या खोलीपर्यंत गेलं. खुशीनं भोकाड पसरलं, तिच्या आवाजाच्या दिशेनं आई धावल्या. दांड्या सगळ्या भिंतींना होत्या. आई मधोमध घसरल्या.

मनगटाला प्लास्टर झालं. मी रजतला सांगितलं, देव मी हलवले होते, कूलर मी ठेवला होता. तो म्हणाला, "पण खुशी तिथंच होती ना?" मी खुशीला जवळ ओढलं. मी आई आहे.

"तिले काहून बोलतं गा," सासूबाई म्हणाल्या, "आग माह्या हातानं लागली. चाल, कुठी नेतं ते ने."

आता त्या आमच्याकडेच असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला रजत सांगतो, इथं आल्यापासून आई एकदाही पडली नाही.

खरं आहे ते. सकाळी खुर्चीत बसवलं, की मी उठवेपर्यंत त्या उठतच नाहीत.