उंबराचं पाणी आणि दोन न्यूट

"अख्खं मालाड थंड केलंय मी! दोन बोटभर जनावरं थंड करायला कितीसा वेळ लागतोय?"

कॉस्मस परेरानं असं जाहीर केलं तेव्हा त्याच्या बायकोनं, क्लॅरिसनं, हळूच छातीवर क्रूसाची खूण केली. तिला अनुभव होता. कॉस्मसचा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एसी आणि फ्रिज दुरुस्तीचा गाळा होता, आणि लोकांच्या घरची कामं तो खरोखर झकास करायचा. स्वतःच्या घरी मात्र त्याच्या कारागिरीला भलताच ऊत यायचा. त्यानं 'सुधारलेल्या' मिक्सरनं एकदा खोबऱ्याची चटणी थेट छताला लावली होती. डाग अजून आहे, कोणीही येऊन बघावा!

जनावरं त्यांच्या मुलीची, ट्रिशाची. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. साखरपुड्याला तिच्या रिचर्डनं तिला दोन न्यूट भेट दिले होते, रीतसर कागदपत्रांसकट. इतर मुलं सोनंनाणं देतात, पण असो! न्यूट म्हणजे बेडकाचा शेपटीवाला चुलतभाऊ. पाठ काळी कुळकुळीत, पोट नारिंगी, दिसायला थेट पाल, आणि चेहऱ्यावर कायम 'आम्हाला काय त्याचं' असा भाव. एकाचं नाव कोको, दुसऱ्याचं फॅन्टा. दोघेही थंड मुलखातले. पाणी अठरा अंशांच्या आसपास असलं तर खूश, मुंबईसारखं असलं तर त्यांचं काही खरं नाही. इतके दिवस ते कॉलेजच्या एसी प्रयोगशाळेत मजेत होते, पण आता तिथे रंगकाम निघालं होतं.

आणि रविवारी ट्रिशाचं लग्न होतं. त्यानंतर ती मुलुंडला जाणार होती. रिचर्डच्या घरी दोन धष्टपुष्ट मांजरं असल्यामुळे न्यूटांना तिकडे प्रवेशबंदी होती.

"पापा, शनिवारी मी त्यांना तुझ्या टाकीत सोडते," ट्रिशा म्हणाली. "लग्नापर्यंत ठीक राहिले तर कायमचे तुझ्याकडे. नाहीतर दर्शना घेऊन जाईल बोरिवलीला. तिच्याकडे एसीची खोली आहे." दर्शना म्हणजे तिची कॉलेजातली मैत्रीण. "आणि ते जिथे राहतील तिथे मी दर रविवारी जाणार हां! त्यांना बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

दर रविवारी! कॉस्मसनं हे शब्द मनात धरून ठेवले. मुलुंड म्हणजे त्याच्या दृष्टीनं जवळजवळ परदेशच. पोरगी एकदा तिकडे गेली की नाताळ आणि ईस्टरला तोंड दाखवणार, ह्या विचारानं गेला महिनाभर त्याला घास गोड लागत नव्हता. आता देवानंच हे दोन काळे शेपटीवाले त्याच्या मदतीला धाडले होते. ती टाकी चाललीच पाहिजे होती!

तो कामाला भिडला. काचेची मोठी टाकी आली. एका जुन्या वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर आला, कॉइल आली, थर्मोस्टॅट आला. नळाच्या पाण्यात क्लोरिन, म्हणून गावठाणातल्या विहिरीचं पाणी आलं. तळाला गोटे, थोडं शेवाळ, आणि वर येऊन बसायला एक उपडी करवंटी.

"नीट चालेल ना रे?" क्लॅरिसनं विचारलं.

"अगो, मॉलचा एसी लावलाय मी! ही तर बादली आहे, बादली!"

शनिवारी दुपारी ट्रिशानं कोको आणि फॅन्टाला टाकीत सोडलं. काट्यावर बरोब्बर अठरा अंश. तिनं पापाच्या गालाचा मुका घेतला आणि ती पार्लरला गेली. कॉस्मस घरभर असा फिरू लागला की पाहुण्यांना वाटावं, लग्न ह्याचंच आहे.

संध्याकाळी उंबराचं पाणी होतं. परेरांसारख्या ईस्ट इंडियन घरांतली ही जुनी रीत. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका लुगडी नेसून, वाजतगाजत विहिरीवर जातात, कळश्या भरून आणतात आणि सकाळी त्याच पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. दारात बँड उभा राहिला. निघण्यापूर्वी कॉस्मसनं टाकीवर सहज एक नजर टाकली, आणि बघतो तर काय!

पाण्यावर बर्फाची साय धरली होती! कोको आणि फॅन्टा करवंटीवर एकमेकांना चिकटून बसले होते. 'आम्हाला काय त्याचं' जाऊन चेहऱ्यावर आता 'आमचं काय होणार' आलं होतं.

"कॉस्मस! बँड खोळंबलाय रे!" बाहेरून क्लॅरिस ओरडली.

"आलो, आलो!"

त्यानं प्लग ओढला. समोर एक पितळी कळशी दिसली. उरलेलं विहिरीचं पाणी त्यानं तिच्यात ओतलं, दोघांना अलगद आत सोडलं, तोंडावर पांढरं फडकं सैलसर बांधलं आणि कळशी ओसरीच्या गार कोपऱ्यात ठेवून दिली. सकाळी उठून टाकी दुरुस्त करायची, दोघांना परत आत सोडायचं, कोणाला पत्ता लागायचा नाही! मग तो बाहेर गेला आणि बँडपुढे असा नाचला की मुलाकडचेही थक्क झाले.

आता ओसरीतला तो गार कोपरा कॉस्मसला जसा माहीत होता, तसाच घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होता. उंबराचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच ठेवलं जात होतं. कळश्या पितळीच, आणि वर फडकी पांढरीच!

सकाळी तो उठला तो टाकीकडे जायलाच. पण मांडवातल्या आचाऱ्यानं त्याला वाटेतच पकडलं. शेगडी पेटत नव्हती आणि झणझणीत इंद्यालसाठी आणलेलं डुकराचं मटण तसंच पडून होतं. मेकॅनिक माणूस घरात असताना दुसऱ्याला कोण बोलावणार! शेगडीशी झटापट करून काळ्या हातांनी तो ओसरीत आला, तर कोपरा रिकामा. अंगणातून बायकांची गाणी ऐकू येत होती.

कॉस्मस धावला. अंगणात ट्रिशा पाटावर बसली होती, डोळे मिटून, निथळत. क्लॅरिसची थोरली बहीण ॲग्नेस कळशी उचलत होती. त्या कळशीवर त्यानं स्वतः बांधलेली गाठ होती.

"थांब!" हात वर करून तो जीव खाऊन ओरडला.

नवरीच्या बापानं हात वर केलेला बघून बँडमास्तर रॉनीला वाटलं, इशारा मिळाला. बँड सुरू! त्यात कॉस्मसचा आवाज पार बुडाला. ॲग्नेसनं फडकं सोडलं आणि मोठ्या मायेनं सगळी कळशी भाचीच्या डोक्यावर उपडी केली.

"पाऽऽल!" ॲग्नेसची किंकाळी बँडच्याही वर गेली. "नवरीच्या डोक्यावर पाल पडली गो!"

बायका चहूकडे पांगल्या. कळश्या गडगडल्या. शेजारच्या जयंतीकाकू खुर्चीवर चढल्या आणि वरून विचारू लागल्या, "डोक्यावर पडली म्हणजे चांगलं की वाईट गं? थांबा, कॅलेंडरात बघते!" रॉनी मात्र वाजवत राहिला. थांबायचा इशारा कोणी दिलाच नव्हता!

ट्रिशानं शांतपणे हात वर नेला, केसांत अडकलेला जीव ओंजळीत घेतला आणि डोळे उघडले.

"ही पाल नाही. हा कोको आहे. पापा, फॅन्टा कुठाय?"

सगळे वाकून शोधू लागले. पाटाखाली बघितलं, मोरीत बघितलं, ॲग्नेसच्या लुगड्याचा घोळ झटकला. फॅन्टाचा पत्ता नाही! ऊन चढत होतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही उंबराचं नव्हतं. कॉस्मसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्याच्यातला मेकॅनिक जागा झाला. उकाड्यानं कासावीस झालेला जीव कुठे जाईल? तो सरळ मांडवाच्या कडेला गेला, सोड्याच्या बाटल्यांसाठी आणलेल्या बर्फाच्या लादीवरचं ओलं गोणपाट त्यानं उचललं, आणि खाली फॅन्टा! आरामात बसलेला, जणू लग्नाचं आमंत्रण त्यालाच होतं.

"पापा, आता काही बोलू नकोस," ट्रिशा म्हणाली. "दर्शना, घेऊन जा दोघांना."

दर्शना थर्माकोलचा डबा घेऊनच आली होती. न्यूट डब्यात गेले आणि कॉस्मसचे सगळे रविवार त्यांच्या मागोमाग. जाता जाता तिनं टाकी बघितली आणि तिला हसू आवरेना.

"अंकल, सेन्सर बाहेर भिंतीवर का चिकटवलाय?"

"मग कुठे चिकटवणार? एसीचा सेन्सर खोलीची हवाच बघतो!"

"पण तुम्हाला पाणी थंड करायचंय ना?"

कॉस्मसनं कपाळावर हात मारून घेतला. खोली काही थंड व्हायची नाही, सेन्सर काही समाधानी व्हायचा नाही, आणि कॉम्प्रेसर बिचारा थांबायचा नाही! सवयीनं घात केला होता. ट्रिशा नाही म्हटलं तरी हसली. "ठीक आहे. हनीमूनहून आल्यावर परत बघते. शेवटचा चान्स!"

लग्न थाटात झालं. ट्रिशा गोव्यात असताना कॉस्मसनं गाळा बंद ठेवला. सेन्सर पाण्यात गेला. लाइट गेली तर म्हणून बॅटरी आली. वेळच्या वेळी खाणं टाकणारं यंत्र बसलं. त्यावर कळस म्हणून त्यानं टाकीसमोर कॅमेरा लावला. पाण्याचं तापमान आणि न्यूटांचं दर्शन, दोन्ही मोबाइलवर! ट्रिशा आली, कोको आणि फॅन्टा आपल्या जागी परतले, आणि टाकी बघून पोरगी पापाच्या गळ्यातच पडली.

"पापा, तू ग्रेट आहेस! कसली मस्त सोय केलीस! आता मला इथे यायची गरजच नाही. मुलुंडहून रोज मोबाइलवर बघीन!"

क्लॅरिस तोंडाला नॅपकिन लावून स्वयंपाकघरात पळाली.

पुढच्या रविवारी क्लॅरिसनं इंद्याल शिजत ठेवलं. कॉस्मसनं इस्त्रीचा शर्ट घातला, टाकीसमोर खुर्ची ओढली आणि आवाज शक्य तितका खोल नेऊन फोन लावला.

"बाय माझी, फॅन्टाचं काही खरं नाही गो. सकाळपासून एक घास घेतला नाही त्यानं. तू येऊन बघून जातेस का?"

"पापा, मी कॅमेऱ्यात बघतेय. त्याच्या तोंडात गांडूळ आहे."