चार वेद आणि एक पोटरी

आमच्या ह्यांना एक वाईट खोड आहे. नमस्कार करताना डोळे मिटतात. देवळात मिटले तर मी काही म्हणणार नाही, पण भर गल्लीत चार कुत्र्यांच्या मधे उभं राहून डोळे मिटणारा माणूस अख्ख्या कलकत्त्यात दुसरा नसेल.

हे दत्ताचे भक्त. दत्ताच्या पायाशी असतात ती चार कुत्री म्हणजे चार वेद, हे सासूबाईंनी लहानपणी सांगितलेलं डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून दर गुरुवारी गार्डन रीचच्या रेल्वे हापिसात जाण्याआधी फाटकाशी गल्लीतल्या चार कुत्र्यांना गूळपोळी घालायची आणि हात जोडून उभं राहायचं. पोळ्या मी लाटायच्या, पुण्य ह्यांचं. त्या गुरुवारी हात जोडलेले असतानाच एका वेदाने ह्यांची पोटरी धरली.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं कुत्रं चावलं?"

"डोळे मिटलेले होते," हे म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

बेंबीभोवती रोज एक अशी चौदा इंजेक्शनं सांगितली. मात्र चावणारं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं, तर ते पिसाळलेलं नव्हतं असं समजून पुढची बंद. कुठलं ते ठाऊक नाही, तर चारही सांभाळा. वर डॉक्टर म्हणाले, या देशात कुत्र्याच्या चाव्याने एकही माणूस मरता कामा नये. मी माझ्या हिंदीत सांगितलं की माणूस मी मरू देणार नाही, पण मला अकराव्या दिवशी वाईला, माहेरी जायला निघायचंय.

नऊ वर्षं मी माहेर पाहिलं नव्हतं. आधी दंगली, मग सासऱ्यांचं आजारपण, मग मुलांच्या परीक्षा. आता आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. सोमवारी हावड्याहून मेल धरली तर गुरुवारी वाई, शुक्रवारी समारंभ. रेल्वेचा पास हातात आला होता. भावाने पत्रात लिहिलं होतं, आई म्हणते, एक डोळा गेलाय, दुसरा तुला बघायला ठेवलाय. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की शेवटी वाचायला येत नसलेले शब्दही यायला लागले.

दहावा दिवस रविवार. ह्यांना चौदाही इंजेक्शनं घ्यावी लागली असती तर सोमवारची गाडी हुकली असती. म्हणून ज्या बाईने जन्मात कुत्र्याची सावली अंगावर घेतली नव्हती, तिच्या व्हरांड्यात चार कुत्री आली.

दुसऱ्याच दिवशी मला बौदी, म्हणजे वहिनी म्हणणारे घरमालक शरच्चंद्रबाबू सांगत आले, "बौदी, कार्पोरेशनची गाडी फिरतेय. बिनपट्ट्याचं कुत्रं दिसलं की उचलतात." झालं. हे पोटावर हात ठेवून परवाने काढायला गेले. अर्जात कुत्र्यांची नावं लागत. ह्यांनी ऋग्वेदापासून अथर्ववेदापर्यंत ओळीने लिहून दिली. चार बिल्ले मिळाले. ते अडकवायला पट्टे हवेत, आणि ह्यांनी आणले चामड्याचे. व्हरांड्याला लागून माझं स्वयंपाकघर, तिथेच देव मांडलेले, तिथे चामडं? मी पट्टे परत करायला लावले. घरात मजबूत कापड एकच होतं, आईचं जुनं लुगडं. ते उशाशी घेतल्याशिवाय मला झोप येत नसे. त्याचा काठ फाडून चार पट्टे शिवले. फाडताना आवाज झाला तो अजून कानात आहे.

सातव्या दिवशी अथर्ववेद पळाला. माझ्या आमटीभाताला कंटाळला होता, कुत्रं इथलंच ना. मी पदर नाकाला लावून शोधत निघाले आणि जन्मात पहिल्यांदा मासळीबाजारात शिरले. तिथे एका कोळणीच्या पाटीखाली माझ्या आईचा काठ दिसला. कुत्रं उचलून काखेत घेतलं आणि अख्ख्या बाजारातून घरी आणलं. त्या दिवसापासून शरच्चंद्रबाबूंची बायको रोज माशाची डोकी उकडून द्यायची आणि मी तोंड फिरवून व्हरांड्यात ठेवायची.

रविवारी चारही वेद शेपटी हलवत उभे. डॉक्टरांनी इंजेक्शनं थांबवली. मी बांधाबांध केली, आईसाठी इथल्या हातमागाचं, तांताचं नवं पातळ सगळ्यात वर ठेवलं.

सोमवारी सकाळी वाटलं, माझ्या आईचं लुगडं कुत्र्यांच्या गळ्यात ठेवून कशी जाऊ? हे म्हणाले, "राहू दे गं, बिल्ले त्यावरच आहेत." मी म्हटलं, तुमचे चामड्याचे आणा आता, बाहेर बांधा, मला काय. तिघांचे काठ सोडले. चौथा माशाचं डोकं खात होता. गाठ घट्ट बसली होती. मी ओढली.

इस्पितळात तेच डॉक्टर. त्यांनी विचारायच्या आत मी सांगितलं, अथर्ववेद, तांबडा, डावा कान फाटका, मी डोळे उघडे ठेवून चावून घेतलंय. ते हसले नाहीत. बोटाचा चावा पोटरीपेक्षा वाईट, म्हणाले. आजपासून रोज इंजेक्शन, कुत्रं दहा दिवस नजरेखाली, आणि गाव सोडायचं नाही.

घरी आले तर ट्रंक दारात उभी. हे पास परत करायला निघाले, पायांत चपलासुद्धा घातल्या. व्हरांड्यात अथर्ववेद गळ्यात आईचा काठ घेऊन झोपला होता. मी दारात आडवी उभी राहिले.

"पास परत करायचा नाही," मी म्हटलं. "तुम्ही जा. ते पातळ तुमच्या हातांनी आईला द्या. आणि तिला नमस्कार कराल तेव्हा डोळे मिटलेत तर याद राखा. चांगले उघडे ठेवून बघायचं तिला, माझ्या वाटचंसुद्धा. परत आल्यावर मी एकेक विचारणार आहे."