आधी ‘माझं’ म्हण, मग गळ टाकतो

आमच्या सूर्यमाळच्या पाड्यावर कुणाचीही बादली विहिरीत पडली की गोविंदआबांकडे जायचं. गळ फक्त त्यांच्याकडे! पण आबा तो असा टाकतच नाहीत. आधी काठावर उभं राहून मोठ्यानं बोलायचं, "माझी आहे!" मालक बोलला की बाकीच्यांनी दोर धरायचा, हा पाड्याचा जुना नियम. आबांनी त्याचा पार कायदा केलाय. परवा माझी घागर पडली तर म्हणे, "ऐकू नाय आलं." घसा बसेपर्यंत ओरडले मी!

दुसरं वेड मोबाईलचं. ऐंशी ओलांडलेला माणूस, समुद्रापासून एवढा लांब, आणि बघतो काय? दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत बुडालेल्या बोटींचे व्हिडिओ! गंजलेल्या टाक्या, वर येणारं काळं तेल, मेलेले मासे.

"बघ गं पोरी. हात लावायला गेलं की तिचा देश म्हणतो, आमची बोट, खबरदार. तेल गळलं की म्हणतो, कोणाची बोट?"

मग मी त्यांची कमेंट टाइप करायची. कायम एकच: "मालक कोण?" परदेशी व्हिडिओंखाली, मराठीत! एकदा कुणीतरी लाईकचा अंगठा दिला, तर आबा आठवडाभर खूश.

आणि यंदा ऐन उन्हाळ्यात पाणी उपसायचं डिझेल इंजिनच विहिरीत पडलं. पाण्यावर तेलाचा तवंग. पाड्याला दुसरं पाणी नाही. सरपंच म्हणाले, इंजिन पाणीपुरवठा खात्याचं. खात्याचे साहेब म्हणाले, ठेकेदाराचं. ठेकेदार म्हणाला, बसवलं तेव्हाच गावाचं झालं. वर तिघंही बजावून गेले, हात लावू नका, सरकारी वस्तू आहे!

शेवटी आबा सगळ्यांना घेऊन काठावर आले. थांबले. कुणी बोलेना. मग स्वतःच ओरडले, "माझं आहे!"

"मग खर्चही तुमचाच हां आबा," सरपंच पटकन बोलले.

"माझाच. आता दोर धर."

नियम म्हणजे नियम. सरपंचांनीही धरला! इंजिन वर आलं, तवंग बायांनी फडक्यांनी टिपून काढला.

संध्याकाळी मी विचारलं, "आबा, कशाला अंगावर घेतलंत?"

"माझा बा लढाईच्या बोटीवर कामाला गेलता. मी आईच्या पोटात. बोट बुडाली. कुठं, कोणाची, सांगायला कोणी आलं नाय."

मग नवा व्हिडिओ लावून त्यांनी फोन माझ्याकडे दिला. मी सवयीनं "मालक" टाइपसुद्धा केलं.

"खोड ते. लिही, बोट कोणाचीपण असू दे. आत आहे तो माझा आहे."

मी पाठवलं. आबा स्क्रीनकडे बघत बसले.

"बोललो मी," ते म्हणाले. "आता त्यांनी दोर धरायला पायजे."